एक आसन, दोन अर्ज
महासंमेलनाच्या नांवनोंदणीची संगणकीय व्यवस्था

विद्यार्थिमित्रांनो, लग्नाची पंगत असो, शाळेचें स्नेहसंमेलन असो किंवा हजारों तंत्रज्ञांची परिषद असो, यजमानास एका प्रश्नाचें उत्तर आगाऊ शोधावें लागतें : येणार किती आणि जागा किती? पाहुणे पन्नास असतील तर हें उत्तर एका वहींत मावतें. ते पांच हजार असतील, देशोदेशींचे असतील आणि एकाच घटकेस अर्ज करीत असतील, तर वही पुरत नाहीं. तेथें संकेतस्थळावर चालणारी नांवनोंदणीची व्यवस्था रचावी लागते. वरून पाहतां ती म्हणजे एक साधा अर्ज. परंतु तिच्या पोटांत गणिताचा, न्यायाचा आणि विश्वासाचा असे तीन प्रश्न दडलेले असतात. त्यांची ओळख करून देणें हा या पाठाचा हेतु आहे.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर प्रथम विमानकंपन्यांपुढें उभा राहिला. अमेरिकेंत एके काळीं आसनांचा हिशेब कार्डांवर ठेवीत, आणि कारकून फिरत्या खणांतून तीं कार्डें काढून खुणा करीत. प्रवासी वाढले तसे हात अपुरे पडूं लागले. तेव्हां अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनीं मिळून ‘सेबर’ नांवाची संगणकीय व्यवस्था उभारली. १९६४ सालीं ती पूर्णत्वास गेली. आपल्या रेल्वेनेंही १९८० नंतरच्या दशकांत आरक्षणासाठीं संगणक आणिला, आणि २००२ पासून घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. संमेलनाची नोंदणी ही याच कुळांतली.

आतां तंत्रज्ञांच्याच जगांतील एक उदाहरण घेऊं. जिनीव्हा शहराजवळ १९५४ सालीं स्थापन झालेली ‘सर्न’ ही मूलकणांचें संशोधन करणारी संस्था आहे. ज्या विश्वव्यापी जाळ्यावर आज आपलीं सर्व संकेतस्थळें उभीं आहेत, त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं येथेंच मांडली, आणि १९९३ सालीं संस्थेनें तें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. अशा संस्थेंत सभा व परिषदा यांची वाण नसते. त्यांच्या व्यवस्थेसाठीं २००२ सालीं एका युरोपीय योजनेंतून ‘इंडिको’ नांवाच्या प्रणालीस आरंभ झाला, व २००४ पासून सर्नमध्यें ती वापरांत आली. परिषदेस नुसतें तिकीट पुरत नाहीं. वेळापत्रक, निबंधांची छाननी, नोंदणी, शुल्क, छातीवरचा नांवाचा बिल्ला आणि पुढील पिढ्यांसाठीं जतन करावयाचीं भाषणें, हें सर्व एकाच सूत्रांत ओवावें लागतें. बाजारांतला तयार अंगरखा अंगास बसेना, म्हणजे शिंपी गांठावा लागतो. मात्र पुढें उसवलेले टाके घालण्याचें कामही मग आपल्याच माथीं येतें. इंडिकोच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तींत माहितीचें जुनें कोठार सोडून सर्व नोंदी ‘पोस्टग्रेस’ नांवाच्या डेटाबेसमध्यें हलवाव्या लागल्या, हें या टांक्यांचेंच उदाहरण होय. ही प्रणाली सर्वांस मोफत उपलब्ध असून संयुक्त राष्ट्रसंघही ती वापरतो. यास्तव स्वतःची व्यवस्था रचूं पाहणारानें अशी तयार रचना आधीं उघडून पाहावी, हें शहाणपणाचें.

पहिला प्रश्न गणिताचा. सभागृहांत ५०० आसनें आहेत, ४९९ भरलीं आहेत, असें समजा. त्याच क्षणीं पुण्याहून एकाचा आणि बंगळूरहून दुसऱ्याचा अर्ज आला. संगणकाची एक शाखा पहिल्याचा अर्ज हातीं घेते, वही पाहते, ४९९ वाचते व मनाशीं म्हणते, ‘जागा आहे.’ तिनें लिहिण्यापूर्वींच दुसरी शाखा दुसऱ्याचा अर्ज घेऊन तीच वही पाहते. तीही ४९९ च वाचते. दोघी आपापल्या पाहुण्यास ‘आपणांस जागा मिळाली’ असें कळवितात आणि दोघीही वहींत ५०० लिहितात. वहींत आंकडा बरोबर आहे, पण दारांत माणसें ५०१ आहेत! दोघींपैकीं एकीनेंही बेरीज चुकविली नाहीं. चूक झाली ती पाहणें व लिहिणें यांच्यामधील फटींत.

उपाय हाच कीं, ती फट बुजवावी. वही पाहणें, जागा शिल्लक असल्याची खात्री करणें व नांव लिहिणें हें एकच अभंग कृत्य मानावें. एकाचें तें पुरें होईपर्यंत दुसऱ्यास वहीस हात लावूं देऊं नये. आणि मध्येंच वीज गेली तर अर्धवट लिहिलेलें पुसून वही पूर्वस्थितीस यावी. डेटाबेसच्या शास्त्रांत अशा अभंग कृत्यास ‘ट्रॅन्झॅक्शन’ म्हणतात. या विषयाचा पाया भक्कम करणारे जिम ग्रे यांस १९९८ चें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. बँकेंतील तुमच्या वडिलांच्या खात्याचा हिशेबही याच तत्त्वावर चालतो.

परंतु वहीस घातलेलें कुलूप फार वेळ ठेवून चालत नाहीं. सकाळीं दहा वाजतां खिडकी उघडली आणि ६,००० अर्ज आले. सर्वांचें कुलूप एकच आहे. प्रत्येक अर्जास तें एका सेकंदाचा विसावा भाग लागलें, तर सर्व अर्ज पांच मिनिटांत निकालांत निघतात. पण एखाद्या उतावळ्या कारागिरानें कुलूप न सोडतांच पाहुण्यास ई-मेलही पाठविण्याची योजना केली आणि त्यास दोन सेकंद लागले, तर? १२,००० सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटें! म्हणून नियम असा : कुलुपाच्या आंत फक्त वही, पत्रें, पावत्या व अभिनंदन हें सारें कुलूप उघडल्यावर.

पैशाचें कामही असेंच नाजूक आहे. शुल्क भरण्यास माणसास कांहीं मिनिटें लागतात. तोंवर त्याचें आसन ठराविक मुदतीपुरतें राखून ठेवावें व मुदत संपतांच तें मोकळें करावें. कधीं जाळें मंद असतें, पाहुणा अधीर होऊन कळ दोनदां दाबतो, आणि पैसे दोनदां कापले जातात. यासाठीं प्रत्येक अर्जास आरंभींच एक खूण द्यावी. तीच खूण पुन्हां आली, तर नवें काम न करितां पहिलेंच उत्तर परत द्यावें.

दुसरा प्रश्न न्यायाचा. ‘जो आधीं येईल त्यास आधीं’ हा नियम रांगेंत उभें राहण्यापुरता ठीक आहे. पण संकेतस्थळावर आधीं येतो तो बहुधा उत्तम जाळें व वेगवान यंत्र असलेला माणूस. खेड्यांतील हुशार विद्यार्थी मागेंच राहतो. यास्तव मागणी फार असेल तेथें कांहीं दिवस अर्ज घेऊन मग चिठ्ठ्या टाकणें, किंवा विद्यार्थ्यांसाठीं कांहीं जागा वेगळ्या ठेवणें, हे मार्ग अधिक न्याय्य ठरतात. त्यांतही जागा घेऊन न येणारे निघतातच. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांतील मोठ्या जेवणाचा दृष्टान्त तुम्हांस ठाऊक आहे. बोलाविलेल्यांनीं आयत्या वेळीं शेताच्या, बैलांच्या व लग्नाच्या सबबी सांगितल्या, तेव्हां यजमानानें रस्त्यांवरील गोरगरिबांस आंत आणविलें. आजच्या भाषेंत हीच प्रतीक्षायादी होय. फरक इतकाच कीं, यादींतील माणसास आपला क्रमांक कितवा व उत्तर केव्हां मिळणार हें स्पष्ट कळविलें पाहिजे. ताटकळत ठेवणें हाही एक अन्यायच आहे.

संमेलनाच्या दिवशीं प्रवेशद्वारीं या सर्वांची परीक्षा होते. पाहुण्याच्या तिकिटावर काळ्यापांढऱ्या चौकटींचें ‘क्यूआर’ चिन्ह असतें. १९९४ सालीं जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीनें मोटारींच्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठीं तें तयार केलें. त्याचा कांहीं भाग मळला किंवा फाटला तरी तें वाचतां येतें. पण त्याची छायाप्रतही तितकीच चांगली वाचतां येते! दोन दारांवर एकच तिकीट दाखविलें गेलें, तर दुसऱ्या दारावरील यंत्रास पहिल्याची वार्ता हवी. येथें ‘एक आसन, दोन अर्ज’ हेंच कोडें पुन्हां भेटतें. जाळें बंद पडलें तर काय करावयाचें, हेंही आधींच ठरलेलें असावें. आडनांवाच्या आद्याक्षराप्रमाणें दारें वांटून दिलीं व प्रत्येक दारीं छापील यादी ठेवली, म्हणजे वीज गेली तरी अब्रू जात नाहीं.

तिसरा प्रश्न विश्वासाचा, आणि तो सर्वांत मोठा. नांव, दूरध्वनि, नोकरीचें ठिकाण हें सर्व पाहुणा आपल्या स्वाधीन करितो. जेवणाविषयींचा साधा प्रश्नच घ्या. उपवासाचें, हलाल, जैन किंवा मधुमेह्याचें, अशा उत्तरांतून माणसाचा धर्म व आजार दोन्ही उघड होतात. म्हणून ज्याची गरज नाहीं तें विचारूं नये. जें विचारलें तें फक्त स्वयंपाक्यापर्यंत, तेंही नांवाशिवाय, जावें. आणि काम संपतांच पुसून टाकावें. तिकिटांस १, २, ३ असे ओळीनें क्रमांक देऊन त्यांवरच पत्ता बेतला, तर ३४१ वाला सहज ३४२ टंकून शेजाऱ्याची माहिती पाहूं शकेल. क्रमांक अंदाज न करतां येण्याजोगा असावाच, शिवाय मागणाऱ्याचा अधिकारही प्रत्येक वेळीं तपासावा. युरोपांत २०१८ पासून याविषयीं कडक कायदा अमलांत आहे, आणि भारतानेंही २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. नांवाच्या रकान्याचीही काळजी घ्यावी. महाराष्ट्रांत नांव, वडिलांचें नांव व आडनांव लिहितात. दक्षिणेंत कित्येकांस आडनांवच नसतें. ‘आडनांव भरल्याशिवाय पुढें जातां येणार नाहीं’ असें सांगणारें यंत्र त्या पाहुण्यास दारांतच परकें करितें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहींजण पुढें अशीं यंत्रें घडवितील. त्यांनीं आधीं आपल्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाची यादी करून पाहावी, आणि दोन मित्रांस एकाच क्षणीं शेवटची जागा मागावयास सांगावें. यंत्रानें एकास ‘या’ आणि दुसऱ्यास नम्रपणें ‘जागा भरली, आपला क्रमांक प्रतीक्षायादींत पहिला’ असें सांगितलें, तर पाठ समजला म्हणावयाचा. पालकांसही विनंति कीं, संकेतस्थळावर पाल्याचें नांव व जन्मतारीख लिहिण्यापूर्वीं ती कोणास व कशासाठीं हवी, हें अवश्य विचारावें. यादीच्या प्रत्येक ओळींत एक माणूस उभा आहे, याची आठवण यंत्र आपण होऊन ठेवीत नाहीं. ती यंत्र घडविणारानेंच ठेवावयाची असते.