'नीट'पलीकडचे आरोग्यक्षेत्र : जैवसंख्याशास्त्र

एखाद्या ग्रामीण रुग्णालयात वर्षभरात एकही मातामृत्यू झाला नाही, ही नोंद वरवर पाहता उत्तम कामगिरीची वाटते. परंतु तेथील प्रत्येक अवघड बाळंतीण रुग्णवाहिकेतून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवली जात असेल, तर मृत्यूची नोंद तिकडच्या वहीत होते आणि दोन्ही संस्थांविषयी चुकीचे मत बनते. हा गुंता उकलण्याचे काम जैवसंख्याशास्त्रज्ञाचे असते आणि त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही, ही गोष्ट 'नीट'च्या गुणांनी धास्तावलेल्या घरांपर्यंत अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे एक, असे ज्या सामुदायिक आरोग्य केंद्राचे राष्ट्रीय मानक आहे, ते महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय म्हणून ओळखले जाते. अशा दोन केंद्रांची तुलना न्याय्य व्हायची, तर रुग्णाचे वय, रक्तक्षय, दाखल होतानाची अवस्था हे सारे हिशेबात घ्यावे लागते. 'वाचला की दगावला' अशा दोनच शक्यता असलेल्या परिणामाची संभाव्यता या घटकांवरून काढणाऱ्या रीतीला लॉजिस्टिक समाश्रयण म्हणतात. तर एका केंद्रातील रुग्णांवर त्या केंद्राचा सामायिक प्रभाव असतो, हे मान्य करून रुग्ण आणि केंद्र असे दोन्ही स्तर एकत्र मांडणाऱ्या गणिती रचनेला बहुस्तरीय प्रतिमान म्हणतात. वीस प्रसूतींपैकी एका प्रसूतीत बालक दगावले म्हणून त्या केंद्रावर पाच टक्के मृत्युदराचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे, कारण इतक्या लहान संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असतो; बहुस्तरीय प्रतिमान असा अंदाज सर्व केंद्रांच्या सरासरीकडे सावधपणे ओढून घेते.

तुलनेचे मोल गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांना घरीच सेवा दिली, परिणाम मात्र ती सेवा नसलेल्या ४७ गावांशी ताडून पाहिला, आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी दुसरी गावे नसती, तर ही घट सेवेमुळे झाली की काळाच्या ओघात, हे सांगता आले नसते.

संख्याशास्त्रातील बी.एस्सी. आणि त्यानंतर त्याच विषयातील वा जैवसंख्याशास्त्रातील एम.एस्सी. हा या क्षेत्राचा सरळ मार्ग आहे. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्र यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठीची 'आर' ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते, त्यामुळे सरावासाठी महागड्या शिकवणीची गरज नाही. सार्वजनिक आरोग्यातील बरीच पदे कंत्राटी असतात, हे पालकांपासून लपवू नये. औषधचाचण्यांच्या क्षेत्रात मागणी आहे, पण ग्रामीण केंद्रांना या ज्ञानाची निकड अधिक आहे.

खरी चूक पदवीच्या वेळी नव्हे, तर अकरावीतच होते, कारण जीवशास्त्र घेताना गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या पदवीचे दार बहुतेक ठिकाणी बंद असते. म्हणून ज्याला दोन्हींची गोडी आहे, त्याने प्रवेशअर्जात हे दोन्ही विषय ठेवावेत.