ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर ठेवावा की ड्युअल कोअर घ्यावा?



आज एका जुन्या प्रश्नातून थोडं गणित आणि थोडा व्यवहार शिकू या.

२००६ सालची गोष्ट. माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. तो लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. त्याच्याकडे एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ ३०००+ हा एकाच कोअरचा प्रोसेसर होता. मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ, पण त्यानं तो ओव्हरक्लॉक करून २.४ वर नेला होता. म्हणाला, "सर, मशीन छान पळतं, पण रात्री रेंडरिंगला लावलं की कधीकधी मध्येच अडकतं. सकाळी गिऱ्हाईक दारात आणि डीव्हीडी तयार नाही. ड्युअल कोअर घेऊ का? पण त्याचा वेग तर २.० च आहे. पैसे घालून वेग कमी करायचा का?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपण तो टप्प्याटप्प्याने सोडवू.

१) ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार असतो. या प्रोसेसरचा मूळ ठोका २०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ९, म्हणून २०० × ९ = १८००. बायोसमध्ये जाऊन २०० चे २६७ केले, की २६७ × ९ = २४०३ मेगाहर्ट्झ होतात. वेग फुकट मिळाला असं वाटतं, पण तसं नसतं. वाढलेला वेग टिकवायला बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. प्रोसेसर काम करताना खातो ती वीज साधारणपणे वेग × व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.४ वरून १.५ केलं, तर १.३३ × १.१५ = सुमारे १.५३. म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला, पण उष्णता दीडपट झाली! रात्रभराच्या कामात हीटसिंक आणि पंख्याची खरी परीक्षा होते.

२) दोन कोअर म्हणजे दुप्पट वेग का?

नाही. स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. पोळ्या करताना एकीनं लाटल्या आणि दुसरीनं भाजल्या, तर काम झटपट उरकतं. पण कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या असतील, तर शेजारी दोघी उभ्या राहून त्या लवकर होत नाहीत. कामाचा जो भाग वाटून घेता येतो, तेवढाच भाग लवकर होतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हाच विचार मांडला. त्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात.

३) आता गणित करू

त्याच्या मदरबोर्डचं सॉकेट ९३९ होतं. त्यात बसणारा ड्युअल कोअर म्हणजे अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ ३८००+. यात २.० गिगाहर्ट्झचे दोन कोअर. दोन्ही प्रोसेसर एकाच घराण्यातले, म्हणून गिगाहर्ट्झची थेट तुलना चालते. वेगळ्या घराण्यातल्या प्रोसेसरांची अशी तुलना करू नका.

वाटून घेता येणारा भाग 'स' मानू.

नवा वेळ = जुना वेळ × (२.४ ÷ २.०) × (१ − स ÷ २)

२.४ वर १०० मिनिटं लागणारं काम घेऊ.

• स = ० (काहीच वाटता येत नाही): १२० मिनिटं. म्हणजे तोटा!
• स = एक तृतीयांश: १०० मिनिटं. बरोबरी.
• स = ०.५: ९० मिनिटं.
• स = ०.९: ६६ मिनिटं.

म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त काम वाटता येत असेल, तरच ड्युअल कोअर फायद्याचा. त्या काळातले बहुतेक गेम एकाच कोअरवर चालत, त्यामुळे गेम खेळणाऱ्याला २.४ चा एकच कोअर बरा. व्हिडिओ एन्कोडिंग मात्र चांगलं वाटलं जातं, अर्थात सॉफ्टवेअर दोन्ही कोअर वापरणारं हवं.

४) पण तुलना कशाशी करायची?

इथेच आमच्या मित्राची चूक होती. मी त्याला विचारलं, "अरे, जे मशीन सकाळपर्यंत टिकत नाही, त्याचा वेग २.४ कसा मानायचा?" त्याला एक रात्र मूळ वेगावर काम करायला सांगितलं. काम बिनबोभाट पूर्ण झालं. पुढच्या दोन रात्रीही झालं. दोष ओव्हरक्लॉकिंगचाच होता.

म्हणजे त्याचा विश्वासाचा वेग १.८ च. त्याच्याशी तुलना केली, तर २.० चा ड्युअल कोअर प्रत्येक कामात सरस ठरतो. स = ०.९ असेल, तर १.८ वर १०० मिनिटांचं काम सुमारे ५० मिनिटांत होईल. उत्तर बदललं, कारण प्रश्न नीट मांडला!

५) खरेदीआधी काय तपासावं?

• मदरबोर्ड नवा प्रोसेसर ओळखतो का? बायोस अपडेट करावं लागतं का?
• एसएमपीएस आणि पंखा पुरेसे आहेत का?
• काम चालू असताना हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो का? मग आधी रॅम वाढवा.
• विंडोज एक्सपी होम असेल तर घाबरू नका. त्याची एका प्रोसेसरची मर्यादा सॉकेटवर आहे, कोअरवर नाही.

त्यानं ड्युअल कोअर घेतला आणि तो मूळ वेगावरच ठेवला. आज प्रोसेसर कितीतरी पुढे गेलेत, पण खरेदीपूर्वीचे दोन प्रश्न तेच आहेत: माझं काम किती वाटलं जातं? आणि माझं मशीन न थांबता किती वेगानं चालतं?

स्वाध्याय

१. जुना वेग २.६ आणि नवा ड्युअल कोअर २.० असेल, तर बरोबरीसाठी 'स' किती हवा?
२. ड्युअल कोअरवर एकच जड प्रोग्राम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ५० टक्के वापर दिसतो. त्यावरून काय अनुमान काढाल?
३. तुमच्या घरातलं वाटून होणारं एक आणि न होणारं एक काम लिहा.