शेतातील हवा मोजणारी डबी : छोट्या गाळ्यांसाठी नवे काम

अंधेरी, साकीनाका, घाटकोपर या पट्ट्यात मोल्डिंग, सोल्डरिंग व फॅब्रिकेशनचे गाळे चालविणाऱ्या कारागिरांनी ‘लोरा’ हे नाव ध्यानात ठेवावे. जमिनीचा ओलावा, तापमान, हवेतील दमटपणा मोजून बिनतारी कळविण्याची ही पद्धत आहे. उघड्या माळावर संदेश काही किलोमीटर जातो. इमारतींच्या गर्दीत पल्ला बराच घटतो. संदेश मोजक्या आकड्यांचा, तोही तासातून दोन-चार वेळा, म्हणून बॅटरी काही वर्षे टिकते. फोटो यातून जात नाही. गिऱ्हाइकाला तसे सांगून माल विकू नये.

अशा कामाचा एक प्रयोग आपल्या शेजारीच, पवईच्या आय.आय.टी.ने लोरा येण्याच्या बऱ्याच आधी केला. ‘अ‍ॅग्रिसेन्स’ या प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात यंत्रे बसविली गेली. पान किती वेळ ओले राहिले यावर द्राक्षावरील केवड्याचा धोका ठरतो. ते वेळीच कळले तर फवारणी नेमकी होते आणि औषधाचा पैसा वाचतो.

चिप परदेशातून येते. तिचे तंत्र सेमटेक या अमेरिकन कंपनीने २०१२ मध्ये फ्रान्सच्या एका कंपनीसह विकत घेतले. पण डबी, खांब, क्लॅम्प, वायरिंग हे सारे आपल्या गाळ्यात होऊ शकते, आणि आमच्या मते खरी कसोटी तेथेच आहे. डबी पत्र्याची केली तर लहरी अडतात. अँटेना बाहेर काढावीच लागते. साधे ए.बी.एस. प्लास्टिक उन्हात पिवळे पडून तडकते. केबल शिरते तेथे ग्लँड व रबर नीट नसेल तर पहिल्याच पावसात माल परत येईल. तापमापकावर पांढऱ्या, एकावर एक ताटल्यांची छत्री हवी, नाहीतर तो हवेऐवजी ऊन मोजतो.

आयात करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला झाला. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. अमेरिकेसाठी बनलेला ९०२ ते ९२८ चा माल येथे चालत नाही. युरोपचा माल बहुधा सेटिंग बदलून जुळविता येतो, पण विक्रेत्याकडून तसे लेखी घ्यावे. शिवाय ई.टी.ए. हे सरकारी मान्यतापत्र आहे का, हे विसार देण्यापूर्वी विचारावे.