दोष कोणाचा?

(घरी जुळवलेला नवा संगणक मधेच थांबू लागला, तर त्यातील दोष कसा शोधायचा? प्रस्तुत पाठात भिवंडीतील एका मुलाने आपल्या घरची हकिकत सांगितली आहे. प्रत्येक तपासणीतून काय सिद्ध झाले, याकडे लक्ष देऊन पाठ वाचा.)

आमच्या घरी संगणक आला, तो एका खोक्यातून नव्हे, तर चार पिशव्यांतून. अब्बांचा सुताचा लहानसा व्यापार आहे. संगणकासाठी त्यांनी वर्षभर भिशीत पैसे टाकले होते. तयार संगणक घ्यावा, असे त्यांचे मत होते. पण भाईजान म्हणाले, “तेवढ्याच पैशांत सुटे भाग आणून मी याहून चांगला संगणक जुळवून देतो.” अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. पण जबाबदारी तुझी.”

भाईजान मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले. या रस्त्याचे नाव आता डॉ. भडकमकर मार्ग असे आहे, पण पत्ता विचारताना सगळे जुनेच नाव घेतात. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या बाजारात संगणकाचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. भाईजानांनी मदरबोर्ड, प्रोसेसर, 8 जीबीच्या दोन रॅम, डिस्क, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट आणले. रविवारी त्यांनी जमिनीवर चादर पसरली आणि सगळे भाग जुळवले. संध्याकाळी पडद्यावर चित्र उमटले. अम्मीने गोड शेवया केल्या.

तिसऱ्या दिवशी संगणक पहिल्यांदा हँग झाला. पडद्यावरचे चित्र जिथल्या तिथे थांबले. माऊस हलेना, कीबोर्ड ऐकेना. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला, तर तो मुकाट्याने चालू लागला. त्यानंतर हे रोजच होऊ लागले. कधी दहा मिनिटांत, कधी तीन तासांनी. कधी पडदा एकदम निळा होई आणि त्यावर इंग्रजीत काही सूचना येई. ती सूचना दर वेळी वेगळी असे.

घरात प्रत्येकाने आपापले कारण ठरवून टाकले. अब्बा म्हणाले, “शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की वीज वरखाली होते. हा विजेचाच दोष.” अम्मीला वाटे, खोलीत फार उकडते म्हणून यंत्र तापते. भाईजानांनी मात्र माझ्याकडे बोट दाखवले. “हा दिवसभर गेम खेळतो. यानेच काहीतरी बिघडवले.” मी शपथ घेऊन सांगितले, पण कोणी ऐकले नाही. दुकानदाराने भाग बदलून देण्यासाठी दिलेली मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि बदलायचा कोणता भाग हेच कोणाला ठाऊक नव्हते.

माझी आपा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. तिने एक जुनी वही काढली आणि म्हणाली, “आजपासून कोणी कोणावर आरोप करायचा नाही. संगणक हँग झाला की तारीख, वेळ, आणि तेव्हा काय चालू होते, एवढेच लिहायचे.” आम्ही लिहू लागलो. एका रात्री संगणक चालू ठेवून आम्ही सगळे दस्तरखानावर जेवायला बसलो. दहा वाजता परत येऊन पाहतो तर तो हँग झालेला! आपाने पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ दाखवले. संगणक थांबला की त्याचे घड्याळही थांबते. घड्याळात 9 वाजून 14 मिनिटे झाली होती. त्या वेळी मी भाईजानांच्या शेजारी बसून भात खात होतो, आणि संगणकावर कोणताही गेम चालू नव्हता. भाईजान काही बोलले नाहीत. पण त्यांनी ती नोंद स्वतःच्या हाताने वहीत लिहिली.

आपाने तपासाचा एकच नियम घातला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला ते कधीच कळत नाही.

प्रथम तिने डिस्कची तार काढून ठेवली आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवले. आता विंडोज नाही, गेम नाही, डिस्कही नाही. तरी दोन तासांनी संगणक हँग झाला. म्हणजे विषाणू, गेम आणि डिस्क तिन्ही निर्दोष ठरले. मग उष्णता पाहिली. प्रोसेसरचे तापमान पडद्यावर दाखवणारे छोटे प्रोग्राम मिळतात. काम जास्त असताना आमचा प्रोसेसर 70 अंश सेल्सिअसपर्यंत जाई. प्रोसेसर याहून बराच अधिक तापला, तर आधी तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर संगणक बंद होतो. आमचा संगणक तर 48 अंशांवरही हँग होत होता. कॅबिनेटचे झाकण काढून टेबलफॅन लावला, तरी फरक पडला नाही.

आता विजेचा प्रश्न. आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते. पॉवर सप्लाय तिचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये रूपांतर करतो. भाईजानांनी कॅबिनेट चादरीत गुंडाळले आणि आम्ही ते कुर्ल्याला मामूंकडे नेले. लोकलमध्ये मी ते काचेच्या भांड्यासारखे मांडीवर धरले होते. मामूंच्या इमारतीजवळ एकही यंत्रमाग नाही. तिथे संगणक चाळीस मिनिटांत हँग झाला! अब्बांचा अंदाजही चुकला. भाईजानांनी एका मित्राचा पॉवर सप्लाय दोन दिवसांसाठी आणून जोडला. तरीही तेच. (एक गोष्ट ध्यानात ठेवा : पॉवर सप्लाय बदलता येतो, पण त्याची पेटी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्या आत धोकादायक वीज साठलेली असू शकते.)

राहिले मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम. इथे भाईजानांना एक गोष्ट आठवली. रॅमच्या पाकिटावर 3200 हा वेग छापलेला होता. पण तो वेग आपोआप मिळत नाही. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. भाईजानांनी तो पहिल्याच दिवशी चालू केला होता. आता त्यांनी तो 2400 वर आणला. हँग होणे एकदम कमी झाले. दिवसातून तीनदा होत होते, ते दोन दिवसांतून एकदा होऊ लागले. भाईजान खूश झाले. “चालतंय ना? मग आता कशाला खोलात जायचे?”

“दोन दिवसांतून एकदा म्हणजे दोष आहेच,” आपा म्हणाली. “फक्त तो लपून बसला आहे.”

रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट 86 नावाचा एक प्रोग्राम आहे. ख्रिस ब्रॅडी यांनी तो 1994 मध्ये तयार केला. पेन ड्राइव्हवरून तो विंडोजशिवाय चालतो. रॅमच्या प्रत्येक घरात तो काही आकडे लिहितो, पुन्हा वाचतो आणि दोन्ही जुळतात का ते पाहतो. आम्ही वेग पुन्हा 3200 केला आणि तपासणी सुरू केली. एक फेरी तासाहून अधिक चालली. एकही चूक निघाली नाही. आम्ही निराश झालो. दुसऱ्या रात्री आपाने तपासणी रात्रभर चालू ठेवली. पहाटे अब्बा नमाजासाठी उठले, तेव्हा त्यांनीच आम्हाला हाक मारली. पडद्यावर लाल ओळी उमटल्या होत्या. तिसऱ्या फेरीत चूक सापडली होती! खरे तर ही तपासणी आम्ही सर्वांत आधी करायला हवी होती. तिला पैसे लागत नाहीत आणि लोकलने कुर्ल्यालाही जावे लागत नाही.

पण रॅम दोन होत्या, आणि त्या बसवायच्या खाचाही दोन. दोषी कोण? भाईजानांनी तार काढली, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावला. आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते, म्हणून असे करतात. मग पहिली रॅम एकटीच एका खाचेत बसवून रात्रभर तपासली. निर्दोष. त्याच खाचेत दुसरी बसवली. लाल ओळी. दुसरी रॅम दुसऱ्या खाचेत नेली. तिथेही लाल ओळी. चूक रॅमबरोबर फिरत होती, खाचेबरोबर नाही. दोषी सापडला.

मी आपाला विचारले, “रॅम खराब होती, तर संगणक सतत का बंद पडत नव्हता?” ती म्हणाली, “8 जीबीच्या रॅममध्ये सुमारे 6,872 कोटी बिटे असतात. प्रत्येक बिट म्हणजे एक चिमुकले घर. त्यात 0 किंवा 1 राहतो. एसटीच्या गाडीत एकच आसन मोडके असेल, तर कोण पडेल हे त्यावर कोण बसतो यावर ठरते. मोडक्या घरात एखाद्या चित्राचा ठिपका आला, तर त्याचा रंग जरा बदलेल. कोणाला कळणारही नाही. पण तिथे विंडोजची एखादी आज्ञा आली, तर सारी गाडीच थांबते.”

अशा चुका सगळ्या सारख्या नसतात. 1978 मध्ये इंटेल कंपनीच्या शास्त्रज्ञांना आढळले, की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी पदार्थांच्या अगदी सूक्ष्म अंशामुळेही 0 चा 1 होऊ शकतो. त्यात घर मोडत नाही, फक्त एकदा चूक होते. आमचे घर मात्र कायमचे मोडलेले होते. आणि 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क 2 या संगणकात तर चक्क एक पतंग अडकलेला सापडला! तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपाची वही पाहिली की मला त्या वहीची आठवण होते.

अब्बा हे सारे ऐकत होते. त्यांनी हळूच विचारले, “माझा हिशेबही याच यंत्रात आहे. त्याचे काय?”

आपाने कागद घेतला. संगणकात ‘1’ हे चिन्ह 00110001 असे लिहितात आणि ‘5’ हे चिन्ह 00110101 असे. दोन्हींत फक्त एका बिटाचा फरक आहे. ते एक बिट उलटले, की 1 चा 5 होतो. संगणक हँग होत नाही, सूचना येत नाही, काहीच कळत नाही. अब्बांचा चेहरा उतरला. आम्ही हिशेब साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवत होतो, आणि त्यातले बरेच आकडे मीच टंकलिखित केले होते.

भाईजान रॅम घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने ती पाच मिनिटे चालवून पाहिली आणि म्हणाला, “ही तर उत्तम आहे.” भाईजानांनी लाल ओळींचे छायाचित्र आणि आपाची वही पुढे केली. दुकानदाराने वहीची सगळी पाने उलटून पाहिली. मग त्याने नवी रॅम काढून दिली. मुदतीचा तो शेवटून दुसरा दिवस होता. नवी रॅमही आम्ही आधी रात्रभर तपासली, मगच झाकण लावले.

त्या आठवड्यात दोन संध्याकाळी मी आणि अब्बा हिशेब ताडून पाहत बसलो. त्यांच्या हातात जुनी खातेवही, माझ्यासमोर पडदा. एके ठिकाणी वहीत 1,150 रुपये होते आणि पडद्यावर 5,150. मी घाबरून कीबोर्डाकडे पाहिले. उजवीकडच्या आकड्यांत 1 आणि 5 तिरपे शेजारी आहेत. माझे बोट घसरले होते, की त्या मोडक्या घरात 1 चा 5 झाला होता? आता ते कोणालाच सांगता येणार नव्हते. अब्बांनी आकडा दुरुस्त करायला सांगितला, चष्मा नीट केला आणि वहीतली पुढची ओळ वाचू लागले.

शब्दार्थ

सुटे भाग – वेगवेगळे मिळणारे भाग. हँग होणे – मधेच थांबणे. यंत्रमाग – विजेवर चालणारा माग. निर्दोष – दोष नसलेला. खाच – एखादी वस्तू बसवण्याची चीर. ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात का ते पाहणे. वेष्टन – आवरण.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाईजानांनी सुटे भाग कोठून आणले?
(आ) आपाने वहीत कोणत्या गोष्टी लिहायला सांगितल्या?

2. कारणे लिहा.
(अ) बिघाड मुलामुळे झाला नव्हता, हे घड्याळावरून सिद्ध झाले.
(आ) वेग कमी केल्यावरही आपाचे समाधान झाले नाही.

3. दुसरी रॅम दोन्ही खाचांत बसवून का पाहिली? ती एकाच खाचेत तपासली असती, तर कोणती शंका उरली असती? चार-पाच वाक्यांत लिहा.

4. ‘हिशेब’, ‘कागद’, ‘जबाबदारी’, ‘हकिकत’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

5. तुमच्या घरातील एखादी वस्तू मधेच बंद पडते का? आठवडाभर तिची नोंद ठेवा आणि ती वर्गात वाचून दाखवा.