बौद्धिक अक्षम मुलांची शरीरक्षमता आणि शालेय प्रगती

खेळाच्या तासाला सारा वर्ग मैदानावर आणि एक मूल झाडाखाली दप्तरे राखत बसलेले, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. कालपरवापर्यंत ज्यांना आपण मतिमंद म्हणत होतो, त्यांच्यापैकीच ते एक. पालकही म्हणतात, "आधी अक्षरओळख होऊ द्या, खेळाचे मग पाहू." हा क्रम बरोबर आहे काय?

इंग्लंडमध्ये जेम्स ऑलिव्हर यांनी 1958 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बुद्धीने मागे गणलेल्या मुलग्यांना दहा आठवडे नियमित व्यायाम दिला. शरीरक्षमता वाढलीच, शिवाय बुद्धिमापन चाचणीचे गुणही वाढले. व्यायामाने बुद्धी वाढते, असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण 1966 साली अमेरिकेत कॉर्डर यांनी तीन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला त्या व्यायामाच्या नोंदी ठेवण्याचे काम, तिसरा नेहमीच्या वर्गात. व्यायामाचा गट तिसऱ्याच्या पुढे गेला, मात्र नोंदी ठेवणाऱ्यांवरील त्याची आघाडी निर्णायक ठरली नाही.

म्हणजे ते फळ नुसत्या स्नायूंचे नव्हे. कोणी आपल्याकडे लक्ष देते, काम सोपवते, आपल्याला काही जमते, हेही त्यात असावे. आम्हाला हा निष्कर्ष निराशेचा वाटत नाही. दप्तरे राखणे आणि धावण्याच्या नोंदी ठेवणे ही दोन्ही बसून करायची कामे. पण पहिल्यात मूल खेळाच्या बाहेर असते, दुसऱ्यात आत.

तरी शरीराचा वाटा कमी लेखू नये. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू मुळात सैल असतात. ताठ बसणे, पेन्सिल धरणे यातच मूल दमते, आणि आपण म्हणतो, त्याचे लक्ष नाही! रोज चालणे, चेंडू झेलणे, पायऱ्या चढणे यांपासून सुरुवात करावी. मात्र यांतील जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो आणि काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. म्हणून डॉक्टरांची तपासणी आधी. तोवर कोलांटउड्या नकोत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 16 नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी या मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावयाची आहे. तोंडी विनंती बहुधा विसरली जाते. पालकांनी कलमाचा क्रमांक घालून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.