गिरणीत लहान मुलंच का?

प्रश्न : मी सातवीला इतिहास शिकवते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमधील कापडगिरण्यांचा विषय निघाला की मुलं हळहळतात आणि पुढच्या तासाला विसरतात. परवा एकाने विचारलं, "बाई, मोठी माणसं होती ना, मग लहान मुलंच का घेत?" काय सांगू?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, त्या मुलाचा प्रश्न धरूनच शिकवा. सूत कातणाऱ्या म्यूल यंत्राचा गाडा सतत पुढे-मागे धावे. तुटलेला धागा सांधायला चपळ बोटं लागत, आणि खाली साचलेला कापूस झाडायला यंत्राखाली सरपटत जाईल असं लहान अंग. यंत्र थांबलं की सूत थांबे, म्हणून हे काम बहुधा चालू यंत्राखालीच होई. शिवाय मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी स्वस्त पडे.

हे दाखवायला मुलांना बाकाखाली सरपटायला मात्र लावू नका. क्षणात त्याचा खेळ होतो. त्यांना जबानी वाचून दाखवा. चेशर परगण्यात स्टायल गावी क्वारी बँक ही गिरणी आजही उभी आहे. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली. त्याच्या बऱ्याच आधी, १८०६ मध्ये, तिथले दोन उमेदवार कामगार, थॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन, पळून लंडनला गेले. पकडल्यावर दंडाधिकाऱ्यांपुढे दोघांच्या जबान्या झाल्या. थॉमसचं बोट यंत्रात सापडलं होतं आणि त्याला आईची ओढ लागली होती. जोसेफची मालकाविरुद्ध तक्रार नव्हती. त्याला सलत होतं ते एवढंच, की रोजच्या जादा कामापायी शिकायला वेळ उरत नाही. पोटाला मिळत असूनही हा मुलगा का पळाला, हे वर्गाला विचारा आणि त्यांना मनसोक्त बोलू द्या. अशा वेळी मुलं हळहळ सोडून विचार करू लागतात.

मग १८३३ चा कारखाना कायदा उलटा वाचायला शिकवा. कायदा जे बंद करतो, ते तोवर चालू असणार. नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीबंदी झाली, पण रेशमाच्या गिरण्या वगळून. नऊ ते तेरा वयाला आठवड्याला ४८ तास आणि रोज दोन तास शाळा. साऱ्या देशासाठी निरीक्षक नेमले फक्त चार! मुलाचं वय ठरवायचं कसं, हाही पेच होता, कारण इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती १८३७ साली. तोवर डॉक्टर अंगकाठी पाहून दाखला देत. १८४४ च्या कायद्याने मुलांचं काम अर्ध्या दिवसावर आणलं, पण किमान वय नवावरून आठावर उतरवलं. सुधारणा सरळ वर चढत जाते असं पाठ्यपुस्तक वाचून वाटतं; हा आकडा तो समज मोडतो.

शेजारी आपल्याकडचा १८८१ चा कायदा मांडा. सात वर्षांखालच्यांना बंदी, सात ते बारा वयाला दिवसाला नऊ तास. इंग्लंडच्या कायद्याला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, आणि राज्य त्यांचंच होतं. इथे तुमचा वर्ग नक्की चिडेल, चिडू द्या.

सोलापुरातल्या मुलांच्या घरी गिरणीत राबलेले आजोबा-पणजोबा असतीलच. ते कितव्या वर्षी कामाला लागले, हे विचारून यायला सांगा आणि ती वयं फळ्यावर या कायद्यांच्या शेजारी लिहा.