मागायला येणारे स्वप्न

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. नियम आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. एकभुक्त राहायचे, पोथीजवळच जमिनीवर चटई टाकून डाव्या कुशीवर झोपायचे. समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर एकच विषय असतो, "काय, दृष्टांत झाला का?" कुणाला पादुका दिसलेल्या असतात, कुणाला औदुंबर, कुणाला भगवी छाटी. आणि दोन-तीन जण गप्प बसलेले असतात. गेल्या वर्षी आमच्या मंगळवार पेठेतल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, बावीस वर्षं वाचतोय आम्ही. महाराज आमच्याच स्वप्नात का येत नाहीत?"

मला उत्तर देता आले नाही. मी शास्त्री नव्हे, सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. पण नोंद कुठल्या खात्यात टाकायची हे बघायची सवय हाडात आहे. म्हणून वर्षभर या विषयावर जे वाचले आणि पोथीत जे नव्याने दिसले, ते आजींसाठी आणि आपल्या सर्वांसाठी मांडतो.

पडते ते आणि पाहतो ते

आपल्या मराठीने हा भेद आधीच करून ठेवला आहे. झोपेतले स्वप्न 'पडते', जागेपणीचे स्वप्न आपण 'पाहतो'. पहिल्यावर आपला ताबा नाही, दुसऱ्यावर आहे.

मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे. त्यात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींचा साक्षी असलेली चौथी तुर्या अशी मांडणी आहे. म्हणजे स्वप्नाला आपल्या ऋषींनी खोटे म्हणून टाकून दिलेले नाही, एक पूर्ण अवस्था मानले आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनाही त्याची दखल घ्यावी लागली. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि स्पष्ट स्वप्ने बहुतेक त्याच वेळी पडतात. साधारण दीड तासाने ही अवस्था फिरून येते. तेव्हा "मला स्वप्नच पडत नाही" असे म्हणणाऱ्यालाही बहुधा पडते, सकाळी आठवत नाही इतकेच.

चरकांची सात खाती

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. दृष्ट म्हणजे पाहिलेले, श्रुत म्हणजे ऐकलेले, अनुभूत म्हणजे भोगलेले, प्रार्थित म्हणजे मनाने मागितलेले, कल्पित म्हणजे रचलेले, भाविक म्हणजे पुढे घडणाऱ्याचे सूचक आणि दोषज म्हणजे वात-पित्त-कफ बिघडल्याने पडणारे. यातले पहिले पाच प्रकार निष्फळ समजावेत, असे चरक वैद्यांना बजावतात. दिवसा झोपेत पडलेले, फार लांबलेले किंवा अगदी तुटपुंजे स्वप्नही त्यांनी निष्फळातच धरले आहे.

आता आपलाच हिशेब करू या. सात दिवस पोथी वाचली आणि आठव्या रात्री पादुका दिसल्या, तर ते 'श्रुत'. दृष्टांत व्हावा अशी आस धरून झोपलो आणि झाला, तर ते 'प्रार्थित'. मनी वसे ते स्वप्नी दिसे. मी निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी महिन्यातून एकदा मला कॅश जुळत नाही असे स्वप्न पडते. काउंटर बंद झालेला, शिपाई शटर ओढतोय आणि माझी रक्कम कमी. हे 'अनुभूत'. आणि चतुर्थीला मोदक जास्त झाले की जे पडते ते 'दोषज', त्याला दत्तमहाराज जबाबदार नाहीत!

मनोरथ आणि संकल्प

जागेपणी पाहतो त्या स्वप्नांचेही दोन प्रकार आहेत. पहिला मनोरथ. पंचतंत्रातल्या त्या ब्राह्मणाने सातूच्या पिठाचे मडके टांगून त्यावर शेळ्या, गाई, घर, बायको, मुलगा सगळे उभे केले आणि लाथ मारून मडके फोडले. आमच्याकडे डबा खाताना लॉटरीच्या तिकिटावर असे पुष्कळ बंगले बांधले गेले.

दुसरा संकल्प. पूजेला बसताना गुरुजी आपल्याकडून काय वदवून घेतात ते नीट ऐका. देश, काल, तिथी, आपले गोत्र, नाव आणि कशासाठी करतोय तो हेतू. ही पूर्ण भरलेली स्लिपच आहे, शेवटी पळीभर पाणी सोडायचे ती सही. "पुढच्या वर्षी गिरनारला जायचं" असे तीस वर्षे म्हणणारे मी पाहिले आणि त्यासाठी दरमहा पाचशेचे रिकरिंग खाते उघडणारेही पाहिले. त्या दहा हजार पायऱ्या चढून दत्तपादुकांवर डोके कोण ठेवून आले, हे सांगायला नको.

पोथीतली स्वप्ने

तर मग खरा दृष्टांत कोणता? त्यासाठी पोथीकडेच जाऊ. गुरुचरित्राची सुरुवातच स्वप्नाने होते. दमून झोपलेल्या नामधारकाला स्वप्नात योगी दिसतात. पण तो उठून पुढे चालू लागतो तेव्हा त्याला सिद्ध प्रत्यक्ष भेटतात.

सतराव्या अध्यायातला मुलगा तर आपल्या करवीरचा. विद्वानाचा मतिमंद पोर, लोकांच्या टोमण्यांनी पोळलेला. भिलवडीला भुवनेश्वरीपुढे त्याने जीभ कापून वाहिली. देवी स्वप्नात आली, पण तिने विद्या दिली नाही. पत्ता दिला. कृष्णेच्या पश्चिम तीरी औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडे जा. नदी त्याची त्यालाच ओलांडावी लागली.

विसाव्या अध्यायात आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळची बाई आहे. मुले होत आणि जात. कारण काय, तर मागच्या जन्मी एका ब्राह्मणाचे शंभर घेतलेले परत केले नव्हते. नरसोबाच्या वाडीला सेवा करताना तो स्वप्नात येऊन ते शंभर मागतो, ती जिवाच्या आकांताने औदुंबराकडे धावते आणि श्रीगुरू तिला पाठीशी घालतात. पण ऋण सांगितल्याप्रमाणे फेडावेच लागते.

तुकोबांना बाबाजींनी मंत्र दिला तो स्वप्नात. त्या स्वप्नातही गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितल्याचे आणि आपल्याला त्याचा विसर पडल्याचे तुकोबा स्वतः सांगतात. पुढे तुकोबा ज्यांच्या स्वप्नात आले त्या संत बहिणाबाईंना तो अनुभव आला आपल्या कोल्हापुरात. सतराव्या शतकातली गोष्ट. अकरा-बारा वर्षांची पोर, जयरामस्वामींच्या कीर्तनाला जाणारी. जीव लावलेले वासरू मेले, नवऱ्याचा मार खाल्ला, आणि अशा अवस्थेत तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला. त्याने तिचे दिवस लगेच पालटले नाहीत. उलट घरचा विरोध वाढला. पण तिने ते स्वप्न सोडले नाही, शेवटी नवऱ्यासह देहूला पोचली आणि तुकोबांना डोळ्यांनी पाहिले.

ही सगळी स्वप्ने शेजारी शेजारी ठेवून बघितली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. यातले एकही स्वप्न नुसते देऊन गेलेले नाही. प्रत्येकाने माणसाला उठवले आहे. कुणाला चालायला लावले, कुणाला नदी ओलांडायला, कुणाला देणे फेडायला.

माझे टोकन

आता स्वतःचे सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण न सांगता उपदेश करणे बरे नव्हे.

आई गेली तेव्हा तिच्या सोन्याच्या पाटल्या माझ्याकडे होत्या. "धाकटीला दे," असे ती सांगून गेली होती. त्या पावसाळ्यात घराची मागची भिंत खचली. मी पाटल्या मोडल्या. पुन्हा करून देऊ, असे मनाशी म्हटले. सोने चढत गेले, वर्षे गेली. बहिणीने कधी विचारले नाही आणि तिने विचारले नाही हेच मी निमित्त केले. अशी चौदा वर्षे.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्ताहात मला कॅशचे ते नेहमीचे स्वप्न पडले. पण या वेळी समोरच्या बाकावर आई बसली होती, हातात जुने पितळी टोकन. मी एकेक नंबर पुकारतोय, लोक येऊन पैसे घेऊन जातायत, तिचा नंबर काही मी पुकारत नाही. ती काही बोलली नाही. शटर खाली आले आणि मला जाग आली.

त्या दिवशी मी विसावा अध्याय वाचला होता. म्हणजे चरकांच्या हिशेबाने हे 'श्रुत' आणि 'अनुभूत' यांची भेसळ, म्हणून निष्फळ. मी स्वतःला तेच समजावले आणि जवळजवळ वर्ष काढले. पण स्वप्न कुठल्या खात्यात टाकले म्हणून देणे थोडेच रद्द होते? नोंद खरी होती. शेवटी मुदत ठेव मोडली, पाटल्या घडवल्या आणि भाऊबीजेला बहिणीकडे गेलो. तिने त्या हातात घेतल्या, जरा तोलून बघितल्या आणि म्हणाली, "आईच्या जरा जड होत्या, दादा." मग हातात घालून चहा टाकायला आत गेली. मी बाहेर बसून डोळे पुसले.

याला मी चमत्कार म्हणत नाही. कॅश न जुळण्याचे स्वप्न अजून पडते. आई मात्र त्या बाकावर पुन्हा दिसली नाही.

आजींना उत्तर

आपण म्हणतो, दत्तप्रभूंची निद्रा माहूरगडी आणि माध्यान्हीची भिक्षा करवीरात. म्हणजे आपल्या गावात देव येतो तो मागायला. मग त्याचा दृष्टांत तरी निराळा कसा असेल? स्वप्नात पादुका दिसल्या तर नमस्कार करावा, आनंद मानावा. पण उठल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा, "याने माझ्याकडे काही मागितले का?" कुणाचे देणे, कुणाची क्षमा, कुणाची विचारपूस. मागितले असेल तर ते जागेपणी द्यावे. ज्याने काहीच मागितले नाही ते स्वप्न चांगले, पण तेवढेच.

आणि आजी, बावीस वर्षांत स्वप्न पडले नाही म्हणून खंत करू नका. सप्ताहाच्या दिवसांत दारी आलेल्याला तुम्ही कधी रिकाम्या हाताने परत पाठवलेले मी पाहिले नाही. जो जागेपणीच देतो, त्याच्याकडे मागायला स्वप्नात कशाला यावे लागेल?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥